मायचं बोलणं मी तेलुगूत सांगायचो

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःजवळही नाही — तिथं मी मुद्दाम शाळेच्या कामाचे विचार काढत बसतो, म्हणजे दुसरं काही वर येत नाही. तुमाला सांगून राह्यलो, कारण तुमी मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं खरं बोलायला छाती लागते. ती माझ्यात कधी नव्हती, अन् आता रिटायर व्हायच्या वयात कुठून येणार?

भेकड म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. पण शब्द नंतर निवडा. आधी लोक मला काय म्हणतात ते ऐका.

लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा. इकडं तेलंगणात, आदिलाबादेत, आमच्या कॉलनीत जयंतीच्या कार्यक्रमाला मला स्टेजवर बसवतात. मी झेडपी शाळेचा हेडमास्तर. बेल्याकडच्या एका खेड्यातल्या, दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या बाईचा पोरगा — तेलुगूत शिकलो, तेलुगूत शिकवतो, सगळ्या वस्तीचे अर्ज तेलुगूत लिहून देतो. ओळख करून देताना कुणी ना कुणी म्हणतंच, सरांनी आपल्या मायला केवढ्या भारी वृद्धाश्रमात ठेवलं होतं, नर्स काय, डॉक्टर काय, इतका पैसा कोण लावते आजकाल? मी मान खाली घालतो. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

पैसा लावला, हे खोटं नाही. वडील तहसीलीत शिपाई होते. त्यांच्या मागं मायला पेन्शन मिळायचं. ते सगळं तिकडं जायचं अन् वरचं मी घालायचो. माझी बहीण सुनंदा म्हणाली होती, दादा, मी बी थोडं देत जाईन. मी म्हटलं, तू कायले देतं, मी आहे न. किती मोठं मन, नाही? पण जो पैसा भरतो त्याचंच चालतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनं दर महिन्याला काही दिलं असतं तर प्रत्येक गोष्ट तिला विचारून करावी लागली असती. मला कुणाला विचारायचं नव्हतं.

पाहा, मी आडवळणानं चाललो. आधी मायचं सांगतो.

मायनं जन्मभर कापूस वेचला. गळा मोठा, बोलणं फटकळ. एका वावरातून हाक मारली की तिसऱ्या वावरातली बाई ओ द्यायची. वडील गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली तेव्हा बरी होती. मग विसरायला लागली. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग जेवली की नाही ते, मग सुनेचं नाव. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. आमी दोघंही नोकरीवाले — माझी बायको शोभा, तीही शिक्षिकाच. पोरगी लग्न होऊन बंगलोरला. दिवसभर मायजवळ कोण बसणार? कामाला ठेवलेली बाई टिकेना, मायच्या शिव्या कोण ऐकून घेईल? एकदा माय घरातून निघाली ती थेट बसस्टँडवर सापडली. त्या दिवसापासून आमी शाळेत जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो.

हो, कुलूप. काय करणार होतो — असं मी तेव्हा म्हणायचो. आता नाही म्हणत.

माय खिडकीत बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "पोरगं गेलं शाळेत, सून गेली शाळेत, मले कोंडून ठेवलं व बाई. पानी बी नाही देलं." पाण्याचं खोटं होतं, तांब्या तिच्या हाताशीच असायचा. कोंडल्याचं खरं होतं. एक खरं दिसलं की लोक दुसरंही खरं धरतात, त्यांचं काय चुकलं? शेजारीण संध्याकाळी दारात उभी राहून शोभाला म्हणायची, मॅडम, म्हातारीले पानी तरी ठेवत जा. शोभा स्वयंपाकघरात जाऊन रडायची. अन् मला काय वाटायचं? मायची कीव यायला पाहिजे होती. मला राग यायचा. ज्याला लोक स्टेजवर बसवतात त्याची माय खिडकीत बसून त्याची इज्जत काढते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ माय रोज उघडून दाखवत होती, तेही रस्त्यावरच्या लोकांना. तेव्हा मी वृद्धाश्रम पाहायला लागलो.

पहिला पाहिला तो पैनगंगेपलीकडं, पांढरकवड्याच्या बाजूला. साधाच होता. टिनाचं शेड, पुढं निंबाचं झाड, आत ओळीनं खाटा. पण सगळीकडं आपली बोली. मी गेलो तेव्हा दोन म्हाताऱ्या एका टॉवेलावरून भांडून राह्यल्या होत्या अन् बाकीच्या त्यांना आणखी पेटवत होत्या. जेवणात भाकर, वरण, ठेचा. माय तिथं आठवड्यात सगळ्यांची पुढारी झाली असती. सुनंदाचं सासर बेल्याला. ती म्हणालीच होती — दादा, नदीपलीकडचंच पाहा, मी दर इतवारी पोराच्या गाडीवर मागं बसून जात जाईन. ठरल्यातच जमा होतं. तो आश्रम चालवणारी बाई मला रिकामी खाट दाखवत होती, अन् बोलता बोलता म्हणाली, "गुरुजी, तुमी बेल्याकडचे न? माही नणंद तिकडंच देली हाय. आमच्याकडं भेटाले येनारे अर्धे तिकडचेच."

एवढंच बोलली, तेही कौतुकानं. मला मात्र दिसायला लागलं — माय खाटेवर बसली आहे, भोवती चार म्हाताऱ्या, अन् तिचं सुरू आहे: पोरानं कोंडलं, सुनेनं पाणी नाही दिलं. भेटायला आलेले ऐकतील, बेल्याच्या बाजारात सांगतील, तिथून ते माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये येईल. मायला तिथं बोलायला माणसं मिळाली असती, हीच माझी अडचण होती.

बाहेर आलो अन् त्या निंबाखाली उभा राहून सुनंदाला फोन केला. जागा नाही म्हणतात, असं सांगितलं. ती म्हणाली, थांबून पाहा, कधी रिकामी होईल ते विचार. मी म्हटलं, विचारलं, लवकर होत नाही म्हणाले. खोटं बोलताना मी अडखळलोही नाही.

दुसरा आश्रम निर्मळच्याही पुढं, गोदावरी ओलांडून, निजामाबादच्या बाजूला. चकचकीत फरशी, चाकाचे पलंग, आठवड्याला डॉक्टर. पैसे जवळजवळ दुप्पट. माणसं सगळी तेलुगू. आता आमच्या आदिलाबादेत मराठीवर सगळं काम भागतं, त्यामुळं मायला जन्मात तेलुगू आलं नाही. बाजारातले चार शब्द, तेवढेच. मी मॅनेजरला विचारलं, इथं मराठी कुणाला येतं? तो बिचारा ओशाळला. कुणालाच नाही सर, म्हणाला, पण आमची माणसं खुणेनं समजून घेतात. त्याला वाटलं, मला काळजी आहे. अन् माझा? माझा जीव भांड्यात पडला होता. दुप्पट पैसे मी त्याचेच भरले — फरशीचे नाही, डॉक्टरचे नाही. लोक ज्याला प्रेम म्हणतात ते हे.

सुनंदा मात्र त्या अंतरामुळं कोलमडली. बेल्याहून तिकडं जायचं तर तीन बसा बदलायच्या, अन् घरी अंथरुणाला खिळलेली सासू. ती दोनदाच जाऊ शकली. दोन्ही वेळा माय तिचा हात धरून इतकं बोलली, इतकं बोलली की सुनंदा परतताना मला फोनवर म्हणाली, दादा, तिले बोलाले कोनीच नाही रे तिथं. मी म्हटलं, आजार आहे तो, डॉक्टर म्हणतात शांत ठेवा. जनाची नाही तर मनाची तरी, असं म्हणतात न? मला फक्त जनाचीच होती.

पहिले काही दिवस माय तिथं सगळ्यांशी बोलायची म्हणे. जेवण आणणाऱ्या बाईशी, झाडूवालीशी, शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीशी. त्या हसायच्या, मान डोलवायच्या, तेलुगूत काहीतरी मायेनं बोलायच्या. मग ती कमी बोलायला लागली. मग नाहीच. मॅनेजर मला कौतुकानं सांगायचा, अम्मा फार शांत आहे सर, काहीच त्रास नाही. तिसऱ्या वावरात आवाज पोचवणारी माझी माय — शांत. अन् मी त्याला धन्यवाद दिले.

मी महिन्यातून एकदा जायचो. तिचं तिकडच्या लोकांना काही सांगायचं, त्यांचं तिला काही सांगायचं, तर मधे मी. दुसरं कुणीच नव्हतं. राजव्वा नावाची आया होती, मायचं सगळं तीच करायची. एकदा तिनं मला विचारलं, सर, 'भाकर' म्हणजे काय? अम्मा रोज म्हणते. मी सांगितलं, जोन्नरोट्टे, ज्वारीची रोटी. तिनं कपाळावर हात मारला — एवढंच होतं? पुढच्या वेळी गेलो तर ती घरून भाकरी करून आणत होती, अन् माय वरणात कुस्करून खात होती. ही गोष्ट मी लोकांना रंगवून सांगत असतो. बाकीच्या नाही सांगत.

बाकीच्या म्हणजे काय? माय म्हणायची, मले घरी ने. राजव्वा विचारायची, काय म्हणते अम्मा? मी सांगायचो, नातीची आठवण काढते. माय म्हणायची, इथं कोनी बोलत नाही माह्यासंगं. मी सांगायचो, तुमी सगळे फार चांगले आहात म्हणते. राजव्वा खूश व्हायची, मायच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. आधी मला हे बोलताना थोडं कसंतरी व्हायचं. नंतर सवय झाली. त्या लोकांनी मी सांगितलेलं एकही काम कधी टाळलं नाही, हे इथं सांगायलाच पाहिजे. भाकर म्हटलं, भाकर आली.

मग माय पडली. बाथरूममध्ये घसरली असावी, कुणी पाहिलं नाही. खुब्यापाशी हाड मोडलं होतं. ध्यानात यायलाच फार उशीर झाला — म्हातारं माणूस, काही बोलली नाही, तर कळणार कसं? आमी सगळ्यांना असंच सांगितलं. ऑपरेशन केलं, पण ती काही उठली नाही. पाठीला जखमा झाल्या, ताप आला, अन् ती गेली. पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. आमच्या समाजातल्या एका मोठ्या माणसानं भाषणात माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून बसलो होतो, पहिल्या रांगेत.

नंतर बऱ्याच दिवसांनी सुनंदाच्या सासूसाठी जागा पाहायची वेळ आली. ती आपली सरळ पैनगंगेपलीकडं गेली. तिथली ती बाई ओळख निघाल्यावर म्हणाली, तुमचे भाऊ येऊन गेले होते न, मीच तर त्यायले खाट दाखोली होती.

सुनंदा आमच्याकडं आली. शोभा घरी नव्हती. सुनंदा बसली, पाणी प्याली, अन् म्हणाली, "दादा, तवा तिथं जागा होती म्हनते ते बाई. मंग तू नाही काऊन म्हनलं?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी खोटं रचलं असतं. मी सांगून टाकलं — खिडकीचं, शेजारणीचं, स्टाफरूमच्या भीतीचं. मायचं बोलणं आपल्या लोकांच्या कानावर पडू नये म्हणून तिला तिकडं टाकलं, हेही. सांगताना मी रडलो. ढोंग नव्हतं ते, खरंच रडलो. ती पण रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे दादा. तुले लाज वाटली, मानूस हायेस तू बी. मायनं बी माफच केलं असतं." अन् उठून माझ्याच स्वयंपाकघरात गेली, चहा केला, आधी मला दिला.

तेव्हा बोलायला नको होतं? दार तिनं स्वतः उघडलं होतं. पण मी चहा घेतला. लहान गुन्ह्याची माफी घेतली अन् मोठा तिच्याखाली सारून ठेवला. सुनंदाला आता वाटतं, आपल्या भावाचं सगळं आपल्याला माहीत आहे. तेव्हापासून ती माझ्याशी जास्तच मायेनं वागते. भाऊबीजेला ओवाळताना तिचे डोळे भरतात, अन् मी ताटाकडं पाहत बसतो.

'काही बोलली नाही, तर कळणार कसं' — हे मी वर सांगितलं. ते खोटं आहे. तुमच्याशीही मी खोटंच बोललो पाहा, इतकं ते जिभेवर बसलं आहे. माय बोलली होती.

त्या दिवशी मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, ऑफिसात हेडमास्तरांची मीटिंग होती. जेवणाची सुट्टी झाली होती, आमी आठदहा जण एकत्र डबे उघडून बसलो होतो. राजव्वाचा व्हिडिओ कॉल आला. अम्मा सकाळपासून उठत नाही, म्हणाली, अन् एकच काहीतरी सारखं म्हणते. "एमंटुंदि सर?" — काय म्हणते ती? अन् तिनं फोन मायसमोर धरला.

मायनं मला ओळखलं. कितीतरी दिवसांनी ओळखलं. म्हणाली, "बाबू, मी पडली रे. मांडी मोडली माही. पाय टेकवत नाही. या लोकायले सांग."

एकेक शब्द मला समजला. डिमेन्शियातलं बरळणं नव्हतं ते. तिला नुसतं तसं वाटत असेल, नाटक असेल, घरी नाही का पाण्याचं खोटं सांगायची — असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवून पाहिलं. तेव्हा असलं काही माझ्या मनात आलंच नव्हतं. तेव्हा एवढंच आलं की आता निघावं लागेल, दवाखाना, सुनंदाला कळवावं लागेल, सुनंदा येऊन मायजवळ बसेल, अन् माय तिला सगळं सांगेल. बाजूला बसलेल्यांपैकी दोघं मराठी होते, त्यांचे कान इकडं होते का ते मी पाहिलं. घास गिळायला लागतो तेवढा वेळ.

मग मी राजव्वाला तेलुगूत सांगितलं — घरी जायचं म्हणते. हट्ट करते, जुनी सवय आहे तिची. पडून राहू देऊ नका, अंग आखडेल. उठवा अन् चालवा.

पायाला हात लावला की ओरडते सर, राजव्वा म्हणाली. मी म्हटलं, ते घरीही करायची.

माय फोनमध्ये बघत होती. मी काय बोललो ते तिला कळणं शक्य नव्हतं. तिला एवढंच दिसलं की बाबू आपल्यासाठी त्या लोकांशी बोलतो आहे, चांगलं सविस्तर बोलतो आहे. तिचा चेहरा सैल झाला.

"सांगतलं न?" ती म्हणाली. "बरं झालं बाबू."

मी म्हणालो, हो माय, सांगतलं.

राजव्वानं फोन खुर्चीवर टेकवून ठेवला, दुसऱ्या आयेला हाक मारली, अन् दोघींनी मायला काखेत धरून उभं केलं. मी फोन बंद केला.